आकृतीतला उजवा पाय

छापखान्यात तिने एकतीस वर्षं जे काम केलं त्याला नाव होतं, मान नव्हता. कॉपीहोल्डर. मुद्रितशोधक समोर बसायचा, त्याच्या हातात छापलेलं कच्चं पान. हिच्या हातात लेखकाचं मूळ बाड. हिने मोठ्याने वाचायचं आणि त्याने डोळ्यांनी तपासत जायचं. वाचायचं म्हणजे सगळंच. स्वल्पविराम आला की ‘स्वल्पविराम’, ओळ तोडली की ‘नवा परिच्छेद’. जमिनीचे कायदे, औषधांच्या याद्या, गाड्यांची वेळापत्रकं तिने अशी वाचली. एका कादंबरीचे तीन खंडही वाचले, पण नायिकेचं शेवटी काय झालं हे कुणी विचारलं असतं तर तिने मान हलवली असती. शेवटच्या पानावर किती उद्गारचिन्हं होती, ते मात्र चोख सांगितलं असतं.

या कामाचा नियम एकच होता. समोर आहे ते वाचायचं. चूक वाटली तरी जसंच्या तसं वाचायचं. चूक दुरुस्त करणारा माणूस समोर बसलेला असतो, तो त्याचं बघून घेईल. हा नियम तिने एकतीस वर्षांत एकदाही मोडला नाही. मोडला तो निवृत्त झाल्यावर, आणि ही हकिकत त्याचीच आहे.

निवृत्तीनंतर तिच्या घशात शांतता साचायला लागली. भाऊ सकाळीच कामावर जायचा. भावजय पुढच्या खोलीत शिवणाच्या यंत्रावर बसायची. ही आतल्या खोलीत वर्तमानपत्र घेऊन बसायची आणि नकळत मोठ्याने वाचायला लागायची.

“वन्सं,” भावजय बाहेरून ओरडायची, “पेपर वाचताय की हुकूम सोडताय? गिऱ्हाईक दचकलं ना माझं!”

शेवटी भावजयीनेच कुठूनसं शोधून काढलं की मोठ्या ग्रंथालयाच्या तळमजल्यावर आंधळ्या वाचकांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करतात, आणि त्यांना वाचणारी माणसं हवी आहेत. “पगार नाही,” ती म्हणाली, “पण तिथे कितीही मोठ्याने वाचलं तरी कुणी ओरडणार नाही. जा बाई. आमचेही कान सुटतील.”

पहिल्याच दिवशी काय झालं, ते रेकॉर्डिंगवाला पुढे वर्षभर सगळ्यांना सांगत असे. खोली कपाटाएवढी, भिंतींना जाड कापड, मधे काच. काचेपलीकडे तो बसलेला, काचेअलीकडे ही. लाल दिवा लागला आणि ही सुरू झाली. आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ. तो खूश होऊन मागे रेलला, तोच आवाज आला: “आणि तेव्हा स्वल्पविराम तो परत आला पूर्णविराम नवा परिच्छेद.”

त्याने दिवा बंद केला. “बाई, विरामचिन्हं बोलायची नसतात. थांबायचं असतं.”

“थांबले आणि ऐकणाऱ्याला कळलंच नाही, तर?”

“कळतं हो. माणसं बोलताना काय स्वल्पविराम सांगत फिरतात?”

तेव्हापासून तिचं नाव स्वल्पविरामबाई पडलं. तोंडावर आणि पाठीमागेही.

ती सगळ्यांत शेवटी आली होती, त्यामुळे सगळ्यांनी टाळलेलं कपाट तिच्या वाट्याला आलं. कादंबऱ्या, प्रवासवर्णनं, चरित्रं आधीपासून वाचून देणाऱ्यांनी वाटून घेतली होती. उरलं होतं खिडकीखालचं कपाट: नाटक, संगीत, नृत्य. कुणीच त्याला हात लावत नव्हतं. नाटकाच्या पुस्तकात रंगमंचाचे नकाशे, संगीताच्या पुस्तकात स्वरलिपीच्या उभ्याआडव्या रांगा, नृत्याच्या पुस्तकात तर पानापानावर ‘आकृती पाहा’. जो पाहू शकत नाही त्याला ‘पाहा’ म्हणायचं कसं? विभागाने यावर साधा नियम करून ठेवला होता. ‘येथे आकृती आहे’ एवढं म्हणायचं आणि पुढे जायचं.

तिने स्वतः उभ्या आयुष्यात दोन नाटकं पाहिली होती. नाच पाहिला होता तो शाळेच्या गॅदरिंगमधला. गाणं म्हणजे शेजारच्या खिडकीतून जेवढं येईल तेवढं. त्या कपाटासमोर ती पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा तिला वाटलं, आपण एका मोठ्या बंद थिएटरच्या मागच्या दाराशी आलो आहोत आणि आत प्रयोग चालू आहे. दार उघडणारं कुणी नव्हतं. पुस्तकं तेवढी होती.

ती वाचत गेली. आणि एकतीस वर्षांत जे झालं नव्हतं ते झालं. अर्थ आत शिरायला लागला. प्रकाशयोजनेच्या पुस्तकातून तिला कळलं की बाजूने प्रकाश टाकला की माणूस खोल दिसतो आणि समोरून टाकला की सपाट. घरी जाऊन तिने दिवा हातात धरून भावजयीच्या चेहऱ्यावर दोन्ही बाजूंनी पाडून पाहिला. “वन्सं, माझा चेहरा आहे तो, भिंत नाही,” भावजय म्हणाली, पण हलली नाही. संगीताच्या पुस्तकात स्वरलिपी आली तेव्हा नुसती अक्षरं वाचणं तिला लबाडीचं वाटलं, म्हणून तिने रेकॉर्डिंगवाल्याकडून एक सूर मागून घेतला आणि सगळी ओळ गाऊन टाकली.

चार दिवसांनी विभागात फोन आला. बाईचा आवाज होता, तरतरीत आणि जरा तिखट.

“ते संगीताचं पुस्तक वाचणाऱ्या मावशी आहेत का? त्यांना सांगा, वाचतात छान. पण गाऊ नका म्हणावं. माझ्या शेजारणीने दार वाजवलं.”

ही ऑपरेटरची पहिली ओळख. मोठ्या रुग्णालयाच्या टेलिफोन बोर्डावर ती पंधरा वर्षं काम करत होती. वय छत्तीस. जन्मापासून दिसत नव्हतं. मग तिचे फोन वरचेवर येऊ लागले. “मावशी, काल घसा बसला होता का? पान एकशे वीसनंतर आवाज खाली गेलाय.” दोघी एकमेकींना कधी भेटल्या नव्हत्या. गरजही वाटली नव्हती.

मग ते नृत्याचं पुस्तक आलं. जाडजूड, मोठ्या आकाराचं, आणि मूळ मांडणीपासून शिकवत नेणारं. उभं कसं राहायचं, वजन कुठे ठेवायचं, हात कुठून कुठे न्यायचे. पहिल्या भागात अठ्ठेचाळीस आकृत्या होत्या. रेषांनी काढलेली एक बाई, चेहऱ्याच्या जागी नुसता अंडाकृती गोल, प्रत्येक पानावर वाचणाऱ्याकडे तोंड करून उभी. मजकूर फार कमी. ‘आकृती सतरामध्ये दाखवल्याप्रमाणे पाय ठेवून’, ‘आकृती अठरा पाहा’. आकृत्या गाळल्या तर पुस्तकात उरत होती फक्त प्रस्तावना.

छापखान्यातल्या बाईला कागदावरची एक रेघ गाळायची सवय नव्हती. “येथे आकृती आहे असं म्हणून पुढे जायचं, हे मला जमायचं नाही,” ती रेकॉर्डिंगवाल्याला म्हणाली. “मी सांगणार आकृतीत काय आहे ते.”

“अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस?”

“मग काय, निवडक घेऊ?”

तिने पाहिलं तसं सांगितलं. कोणता पाय पुढे, गुडघा किती वाकलेला, हात खांद्याच्या वर की खाली, बोटं मिटलेली की उघडी. दोन महिने लागले. चार ठिकाणी मजकूर आणि चित्र जुळेना. मजकुरात ‘उजवा पाय’ होता आणि चित्रात तर तिला डावा दिसत होता. छापखान्याचा अनुभव दांडगा. खिळे जुळवणाऱ्याची डुलकी, दुसरं काय! तिने त्या चार ठिकाणी ‘उजवा’ खोडून ‘डावा’ वाचलं. आयुष्यात पहिल्यांदा तिने समोर नव्हतं ते वाचलं होतं, आणि घरी जाताना तिला त्याचा थोडा अभिमानही वाटला होता.

यानंतर सव्वा वर्षाने, एका साध्या सकाळी, ती नाटकाच्या दिग्दर्शनावरचं पुस्तक वाचत होती. वाक्य साधं होतं. रंगमंचाची उजवी बाजू म्हणजे प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या असलेल्या नटाची उजवी बाजू. पाहणाऱ्याला ती डावीकडे दिसते. तिने ते वाचलं, पुढचं वाक्य वाचलं, आणि थांबली.

लाल दिवा चालूच होता. काचेपलीकडून रेकॉर्डिंगवाल्याने हात हलवला. ती आपल्या दोन्ही तळहातांकडे पाहत होती.

कागदाला डावी बाजू एकच असते. डावा समास आणि उजवा समास. कागदाला तोंड नसतं, पाठ नसते, त्यामुळे त्याची डावी तीच वाचणाऱ्याची डावी. एकतीस वर्षं ती या एकाच जगात राहिली होती. त्या अठ्ठेचाळीस पानांवर मात्र कागद नव्हता, बाई होती. तिच्याकडे तोंड करून उभी असलेली. कागदाच्या डावीकडे दिसला तो तिचा उजवा पाय होता. चारही जागी पुस्तक बरोबर होतं. पहिल्या आकृतीपासून शेवटच्यापर्यंत सगळं शरीर तिने आरशात घालून सांगितलं होतं.

“काय झालं बाई? पाणी देऊ?”

तिने सांगितलं. तो ऐकून घेत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू सुटकेचं हसू आलं. “एवढंच ना? मला वाटलं, चक्कर आली. कुणाला कळणार आहे? करू दुरुस्त सावकाश.”

“कुणी नेलंय ते?”

“नृत्याचं पुस्तक? आंधळी माणसं? बाई, कुणी नेणार?”

पण त्याने वही काढली. सात जणांनी नेलं होतं. सहा जणांनी आठवड्याच्या आत परत केलं होतं. सातव्या नावापुढे मुदतवाढीचा शिक्का होता, त्याच्याखाली पुन्हा शिक्का, पुन्हा शिक्का. चौदा महिने. नावापुढे रुग्णालयाचा नंबर होता.

“नुसतं ऐकायला कुणी चौदा महिने ठेवत नाही,” ती म्हणाली.

रुग्णालयाच्या तळघराच्या जिन्याशी बोर्डाची खोली होती. खिडकी नव्हती, दिवाही बंदच होता. आत बसणारीला त्याची गरज नव्हती. दारातून येणाऱ्या उजेडात डोक्याला हेडफोन लावलेली एक ताठ मानेची बाई दिसत होती. ही दारात उभी राहून फक्त “आत येऊ का?” एवढंच म्हणाली.

“अगं बाई! पान एकशे वीस!” ऑपरेटर खुर्चीत वळली. “मावशी, तुम्ही इथे? बसा, स्टूल आहे डाव्या हाताला... नमस्कार, रुग्णालय... जोडते, थांबा... बसलात? बरं झालं आलात. मी तुम्हाला सांगणारच होते. परीक्षा ठरली माझी.”

“कसली परीक्षा?”

“नृत्यशाळेची. मोठ्यांच्या वर्गात दोन वर्षांतून एकदाच नवी माणसं घेतात. गेल्या खेपेला तिथल्या बाई फोनवरच नाही म्हणाल्या, दिसत नाही तर बघून शिकणार कसं? या खेपेला मी म्हटलं, पहिला भाग सगळा येतो मला, बघा तर खरं. मग म्हणाल्या, ये, दहा मिनिटं देते... नमस्कार, रुग्णालय. प्रसूती विभाग दुसरा मजला, जोडते... एकवीस दिवस राहिले, मावशी. पलंग आणि कपाट यांच्यामधे चार फूट जागा आहे माझ्या खोलीत. अठ्ठेचाळीसही झोपेत करून दाखवीन.”

स्वल्पविरामबाईला वाटलं, उठावं आणि निघून जावं. ही इतकी आनंदात आहे, आणि आपण काय घेऊन आलो आहोत? पण दोन वर्षांनी आलेली दहा मिनिटं होती ती. शिवाय वर्गात रांगेत नाचायचं असतं. सगळ्या जणी उजवीकडे जातील आणि ही एकटी डावीकडे. शेजारणीवर आदळेल, आणि का आदळली हे तिला कधीच कळणार नाही. लोक म्हणतील, दिसत नाही ना, म्हणून.

“मी तुला उलटं शिकवलंय,” ती म्हणाली.

तिने सगळं सांगितलं. आकृतीचं तोंड, कागदाची बाजू, बदललेले चार शब्द. मधे मधे बोर्ड वाजत होता आणि ऑपरेटर त्याच आवाजात “नमस्कार, रुग्णालय” म्हणत होती, फक्त चेहरा हलत नव्हता. तिच्या हातातलं पेन थांबलं होतं.

“म्हणजे सगळं?” शेवटी तिने विचारलं.

“सगळं.”

“ते चार शब्द... पुस्तकात बरोबर होते, आणि तुम्ही बदललेत?”

“हो.”

“चौदा महिने मी तुमच्या आवाजावर पाय टाकला, मावशी. जमिनीवर नाही. तुमच्या आवाजावर.” बोर्ड वाजला. तिने तो वाजू दिला, मग झटकन उचलला. “नमस्कार, रुग्णालय. नाही, भेटायची वेळ संपली. उद्या या.” तिने फोन ठेवला. आतून कुठून तरी पाण्याच्या पंपाचा आवाज येत होता. स्टुलावरची म्हातारी रडते आहे, हे ऑपरेटरला श्वासावरून कळलं असावं.

“रडताय कशाला?” ती फटकन म्हणाली. “रडायचं तर मी रडेन. एकवीस दिवस आहेत ना? वाचा परत.”

घरी भावजयीने यंत्र थांबवून सगळं ऐकलं. “वन्सं, शिवणात उजवी बाही म्हणजे घालणारीची उजवी,” ती म्हणाली. “पोर पहिल्या आठवड्यात शिकते हे. मला विचारलं असतंत तर?”

“विचारायचं आहे हे कळायला हवं ना.”

“आता काय करणार? डावा म्हटलं तिथे उजवा म्हणायचं. झालं की.”

तेवढ्याने झालं असतं. पण आता तिचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास उरला नव्हता. चित्राकडे पाहून सांगायचंच नाही, असं तिने ठरवलं. आधी करायचं, मग सांगायचं. त्रेसष्ट वर्षांचं शरीर, संधिवाताचे गुडघे आणि नाचाचा अनुभव शून्य. पण उजवा पाय कोणता हे ज्या एका जागी खोटं ठरू शकत नाही, ती जागा म्हणजे स्वतःचा पाय.

पहिल्याच आकृतीशी गाडं अडलं. समोर तोंड करून उभ्या बाईची नक्कल करायला गेली की हात पुन्हा आरशासारखा उठायचा. भावजय जरा वेळ बघत राहिली. मग ती उठली, कापड बेतायचा पातळ पारदर्शक कागद तिने आणला, आकृतीवर ठेवून पेन्सिलने रेघा उतरवल्या आणि कागद उलटा करून खिडकीच्या काचेवर चिकटवला. आता ती बाई पाठमोरी होती. तिचा उजवा हात हिच्या उजव्या बाजूला होता.

“राहा उभ्या तिच्या मागे,” भावजय म्हणाली. “रांगेत राहतात तशा.”

अठ्ठेचाळीस आकृत्या भावजयीने दोन दिवसांत उतरवून दिल्या. गिऱ्हाइकांचे कपडे थांबले. एका बाईने तक्रार केली तेव्हा ती म्हणाली, “आमच्या वन्सं नाच शिकताहेत, अर्जंट आहे.” ती बाई आल्या पावली परत गेली.

रोज सकाळी नऊ वाजता, ग्रंथालय उघडायच्या आत, स्वल्पविरामबाई त्या कपाटाएवढ्या खोलीत उभी राहायची. टेबल बाहेर काढलं होतं. रेकॉर्डिंगवाल्याने वायरीचा छोटा माइक तिच्या पदराला टाचला. काचेवर कागद उलटा. ती पाय ठेवायची, गुडघा वाकवायची, तशीच थांबायची आणि बोलायची. आणि बोलताना तिच्या लक्षात आलं की पहिल्या खेपेला आपण बाहेरून बोललो होतो. कोन, उंची, दिशा. पाहणाऱ्याच्या उपयोगाचं सगळं. आता तिच्या तोंडून वेगळंच यायला लागलं.

“आकृती सतरा. सगळं वजन उजव्या टाचेवर घे. आता डावा पाय मोकळा झाला पाहिजे, इतका की कुणी ओढला तर येईल. गुडघा बाहेर वळव. मांडीच्या आतल्या बाजूला ताण येतो... आला... आला नसेल तर टाच सरकली आहे, परत ये. दोन्ही खांदे खाली. मान... थांब, मला एकदा करू दे.”

काचेपलीकडे रेकॉर्डिंगवाला हसायचं विसरला होता. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, “बाई, गुडघे वाजल्याचे आवाज येताहेत. आणि धापा. मी काढून टाकतो ते.”

“काढा बाबा. शोभत नाही.”

ते त्याने काढले, आणि त्याच दुपारी ऑपरेटरचा फोन आला. “आजच्यात काहीतरी गाळलंय. तुमचा श्वास कुठे गेला? तुम्ही धाप टाकता तिथे मला कळतं वजन बदललं ते. सगळं ठेवा म्हणावं त्यांना. गुडघेसुद्धा.”

अकरा दिवसांत अठ्ठेचाळीस आकृत्या झाल्या. रोजचं रोज पेनड्राइव्हवर घालून रेकॉर्डिंगवाला स्वतः रुग्णालयात नेऊन द्यायचा. बाराव्या दिवसापासून, रविवार धरून, दोघींची रोज भेट बोर्डाच्या खोलीत व्हायची, ऑपरेटरच्या पाळीच्या आधी. ही तिच्या पाठीमागे उभी राहायची आणि दोघी एकाच दिशेला तोंड करून पाय टाकायच्या. पण शरीराला सूचना देऊन ते विसरत नाही. चौदा महिन्यांचा डावा पाय तीन आठवड्यांच्या उजव्या पायाला वाट देईना. सगळं नीट चाललेलं असताना मधेच तो पुढे यायचा, मालकासारखा.

“येतोय बघा हा,” ऑपरेटर दात खाऊन म्हणायची. “बोलावलं नाही तरी येतोय.”

“माझ्यामुळे.”

“आता ते पुरे. पुढची सांगा.”

परीक्षेच्या दिवशी नृत्यशाळेत बाकी कुणी नव्हतं. लाकडी जमिनीचा मोठा हॉल, एका भिंतीला उंच आरसे. शिक्षिका सत्तरीच्या, सडपातळ, आवाज हळू. त्यांनी ऑपरेटरचा हात धरून तिला हॉलच्या मधोमध नेलं, चार दिशांना किती पावलं जागा आहे ते चालवून दाखवलं आणि बाजूला झाल्या. स्वल्पविरामबाई दाराजवळच्या बाकावर बसली. तिचे हात मांडीवर होते आणि अंगठे आपोआप दाबले जात होते, उजवा, डावा, उजवा.

ऑपरेटरने सुरुवात केली. ती हलक्या आवाजात स्वतःशी बोलत होती. पहिल्या दहा आकृत्या एकमेकींतून अशा उलगडत गेल्या की स्वल्पविरामबाईचे अंगठे थांबले. तिने या अठ्ठेचाळीसही जागा आपल्या जड अंगाने केल्या होत्या, एकेक सुटी, खुर्चीला धरून. त्यांच्या मधलं जे होतं ते तिने कधी पाहिलंच नव्हतं. पुस्तकातही नव्हतं. दोन आकृत्यांमधली पांढरी जागा त्या लाकडी जमिनीवर हलत होती.

एकोणिसाव्या आकृतीला डावा पाय आला.

तो पुढे पडला आणि ऑपरेटर तिथेच थिजली. हॉलमध्ये घड्याळाचा आवाज ऐकू आला. बाकावरची उठायला गेली, पण उठून करणार काय होती? इथे तिचा आवाज चालणार नव्हता.

“चुकलं,” ऑपरेटर मोठ्याने म्हणाली. “तो जुना पाय आहे. सतरापासून पुन्हा करते.”

ती मागे गेली, नेमकी तेवढीच पावलं, आणि सतरापासून पुन्हा सुरू झाली. “वजन उजव्या टाचेवर,” ती पुटपुटत होती, “डावा मोकळा, कुणी ओढला तर येईल. आतून ताण... आला.” एकोणीस गेली. वीस गेली. पुढे ती पुटपुटायचीही थांबली.

दहा मिनिटांच्या जागी पंचवीस झाली होती. शिक्षिका तिच्याजवळ गेल्या. “तू मधे काय बोलत होतीस?”

“पुस्तक.”

“हे पुस्तक मी चाळीस वर्षं शिकवतेय. त्यात ‘कुणी ओढला तर येईल’ कुठे आहे?”

ऑपरेटरने दाराच्या दिशेला हनुवटी वळवली. शिक्षिका हॉल ओलांडून बाकापाशी आल्या आणि त्यांनी समोरच्या बाईला वरपासून खालपर्यंत पाहिलं; नर्तिका नर्तिकेला पाहते तसं, आधी पाय.

“किती वर्षं नाचलात?”

“एकवीस दिवस,” स्वल्पविरामबाई म्हणाली, आणि मग तिला राहवेना. “त्या आधी मी तिला सगळं उलटं शिकवलं होतं. तो जो पाय आला ना, तो तिचा नाही. माझा आहे. तिच्या नावावर धरू नका.”

“उलटं म्हणजे दुसऱ्या बाजूने?” शिक्षिकांनी विचारलं. “अठ्ठेचाळीस?”

“सगळ्या.”

“माझ्या मुली सहा सहा वर्षं शिकतात, तरी त्यांची एक बाजू कच्चीच राहते,” त्या म्हणाल्या. “चूक ती चूकच. वर्गात तो पाय मधे आला तर मी ओरडणार, सांगून ठेवते.” मग त्या वळून हॉलच्या मधे उभ्या असलेल्या बाईला म्हणाल्या, “सोमवारी सकाळी साडेसहा. दुसरी रांग, कडेला नाही, मधे. कुणाला लागलीस तर तिला सरकायला शिकवू.”

ऑपरेटरने मान डोलावली. दिवसभर शेकडो माणसांना जोडून देणारी ती बाई तिथे नुसती उभी होती, आणि तिच्या दोन्ही पायांत वजन सारखं होतं.

“आणि ते ध्वनिमुद्रण मला हवंय,” शिक्षिका स्वल्पविरामबाईला म्हणाल्या. “माझ्या वर्गाला डोळे मिटून ऐकवायचंय. पुस्तकाला दुसरा भाग आहे, माहिती आहे ना?”

“चाळलाय.”

“कधी वाचताय?”

“त्यात उड्या आहेत हो,” स्वल्पविरामबाई म्हणाली.

हॉलच्या मधून ऑपरेटरचा आवाज आला, पुन्हा तरतरीत, पुन्हा तिखट. “असू देत. मला पुढच्या महिन्यापर्यंत हवाय.”